साखरपेरणी

दार लोटून घे. बसू नकोस, उभाच राहा. परवा माईकपुढे वीस मिनिटं उभा होतास, तेव्हा पाय दुखले नाहीत. आजही दुखणार नाहीत.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, तू भाषण ठोकलंस आणि सगळं मैदान टाळ्यांनी दणाणलं. पाहुण्यांनी खिशातून पाचशेची नोट काढून तुझ्या हातावर ठेवली. तुझे वडील मागे लिंबाखाली उभे होते, त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत होते. मी टाळी वाजवली नाही हे तू पाहिलंस, आणि म्हणूनच दोन दिवस माझ्या तासाला फिरकला नाहीस. का वाजवली नाही ते आता ऐक.

तू काय म्हणालास ते मी वहीत लिहून ठेवलं आहे, तुझ्याच शब्दांत. "युरोपातल्या सगळ्या भाषांनी साखर हा शब्द आपल्या मराठीतून चोरला. इंग्रजांची शुगर म्हणजे आपली साखर. रशियन लोक तर आजही साखरच म्हणतात. कँडी म्हणजे आपली खडी. सिरप म्हणजे आपला शिरा. मोलॅसिस म्हणजे आपली मळी. ज्यांच्या जिभेला गोड हा प्रकारच ठाऊक नव्हता, त्यांना तो मराठी माणसाने दिला." या शेवटच्या वाक्याला सर्वांत मोठी टाळी पडली. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, बाकी सगळं कच्चं. आणि जे खरोखर आपलं आहे ते तुझ्या भाषणात आलंच नाही.

कुठून आणलंस हे? मोबाइलवर कोणीतरी पाठवलं होतं, हो ना? मान खाली घालू नकोस, वर बघ. शाळेच्या कपाटात मोल्सवर्थचा कोश आहे, कृ. पां. कुलकर्ण्यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' आहे. चार वर्षांत किती वेळा किल्ली मागायला आलास? एकदाही नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. याला साखरपेरणी म्हणतात. समोरच्याला गोड वाटेल तेवढंच बोलायचं.

दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी इतकी चिडले नसते. तू कोणाचा नातू आहेस? तुझ्या आजोबांचं गुऱ्हाळ मी पाहिलं आहे. मी या गावात नवीन आले, तेव्हा थंडीच्या दिवसांत आम्ही शिक्षक मंडळी रस प्यायला जायचो. काहिलीत रस उकळत असायचा, चुलवणात चिपाडं ढणाढणा जळत असायची. आजोबा हातात झारा घेऊन काहिलीच्या कडेला उभे असायचे. वर काळपट फेस आला की तो झाऱ्याने काढून बाजूच्या डब्यात टाकायचे. मी विचारलं, "हे काय?" म्हणाले, "मळी हाय बाई. रसाचा मळ." तुला घरातच उत्तर मिळालं असतं. मळ, म्हणून मळी. संस्कृतातला मल. पुढे कारखाने आले, साखर काढून उरणाऱ्या काळ्या चिकट द्रवालाही लोक मळीच म्हणू लागले. शब्द तोच राहिला, वस्तू बदलली.

इंग्रजीतला मोलॅसिस निराळ्या गावचा. लॅटिनमध्ये मधाला मेल म्हणतात. त्यावरून मधासारख्या पदार्थाचा शब्द झाला, पोर्तुगिजांनी त्याचं मेलासो केलं आणि त्यांच्याकडून तो इंग्रजीत गेला. त्या शब्दाच्या पोटात मध आहे, आपल्या शब्दाच्या पोटात मळ. दोन्हींत म आणि ल-ळ आहेत, एवढ्यावर तू त्यांचं लग्न लावून टाकलंस. आजोबा काहील कधी उतरवायचे आठवतं का? पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचे, दोन बोटांनी त्याची गोळी होते का बघायचे. गोळी झाली नाही तर पुन्हा जाळ. पाहुणे ताटकळत उभे असले, पोरं गरम गुळासाठी रडत असली, तरी कच्चा पाक त्यांनी वाफ्यात ओतला नाही. तू त्यांचा नातू, आणि भर सभेत कच्चा पाक ओतून मोकळा झालास.

आता मूळ शब्दाकडे ये. साखर म्हणजे मुळात काय? शर्करा. आणि शर्करा म्हणजे गोड पदार्थ नव्हे. शर्करा म्हणजे खडे, रेव, जाड वाळू. पाणिनीच्या सूत्रात शर्करा येते ती सिकतेच्या जोडीला, म्हणजे वाळूच्या जोडीला, खडकाळ जमिनीसाठी. सुश्रुतसंहितेत शर्करा येते ती मुतखड्याच्या प्रकरणात. उसाचा रस आटवून त्याचे दाणे पाडायची विद्या जेव्हा साधली, तेव्हा त्या दाण्यांना नाव हवं होतं. तेरणेच्या पात्रात उन्हाळ्यात पाणी आटल्यावर ओंजळभर रेव उचल आणि दुसऱ्या हातात साखर घे. ज्या माणसाने हे नाव दिलं त्याच्या डोळ्यांनी तुला दिसेल. गोडीवरून नाव पडलंच नाही, हाताला जे लागलं त्यावरून पडलं. आज तुझी आजी दवाखान्यात जाते आणि कागदावर रक्तशर्करा लिहून येते. तोच शब्द, मुतखड्यावरून रक्तातल्या गोडीपर्यंत आलेला. इतकी भरघोस गोष्ट हाताशी असताना तू चोरीची कहाणी सांगत बसलास!

शर्करेची साखर कशी झाली, तेही मोबाइलने सांगितलं नसेल. हस्तचा हत्थ झाला, मग हात. सप्तचा सत्त, मग सात. कर्मचा कम्म, मग काम. चक्रचा चक्क, मग चाक. जोडाक्षर आधी दुणावतं, मग त्यातलं एक गळतं आणि त्याच्या मागचा स्वर लांबतो. शर्करेचं प्राकृतात सक्करा झालं, पालीत सक्खरा, आणि मराठीत साकर, साखर. आपल्या पूर्वजांच्या जिभा हजार-दीड हजार वर्षं एकाच शिस्तीने वळत आल्या. शब्द ओळखायचा असतो तो या शिस्तीवरून, तोंडावळ्यावरून नव्हे.

तुला लांब जायची गरजच नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तेर तुझ्या जिल्ह्यात आहे. दर वर्षी आईबरोबर गोरोबाकाकांच्या समाधीला जातोस. तेरला तेर का म्हणतात, कधी विचारलंस? त्याचं जुनं नाव तगर. नगरचं नयर होऊन नेर झालं. पारनेर, अमळनेर, जामनेर यांच्या शेवटी ते नेर आजही आहे. त्याच वाटेने तगरचं तयर होऊन तेर झालं. पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहितीवजा वही लिहिली. 'पेरिप्लस' म्हणतात तिला. लिहिणाऱ्याचं नाव तिच्यावर नाही. तीत लिहिलंय की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर. हे तगर म्हणजे नेमकं कोणतं गाव, यावर विद्वान कितीतरी वर्षं भांडत होते. कोणी देवगिरी म्हणायचं, कोणी जुन्नर. १९०१ साली फ्लीट नावाच्या संशोधकाने ते तेर असल्याचं दाखवून दिलं. नुसता नावाचा आवाज जुळतो म्हणून नाही. शिलालेखातले उल्लेख, पैठणपासूनचं अंतर, दिशा, सगळं ताडून पाहिलं. नंतर तेरच्या मातीतून हस्तिदंताची बाहुली निघाली. तशाच बांधणीची हिंदुस्थानी बाहुली इटलीत पाँपेईच्या राखेतही सापडली होती. तेरच्या लामतुरे संग्रहालयात आपण सहावीत सहल नेली होती. तू बाहेर गोळा खात होतास.

आता मुद्द्याचं ऐक. ज्या पेरिप्लसमध्ये आपलं तगर आहे, त्याच पेरिप्लसमध्ये साखरही आहे. आपल्या बाजूच्या मुलखातून आणि भडोचहून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर काय काय जातं त्याची यादी आहे. गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड, आणि 'साक्खारी नावाचा बोरूतला मध'. बोरू म्हणजे वेताच्या जातीचं गवत, म्हणजे ऊस. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एकाच वहीत तुझ्या जिल्ह्यातलं शहर आणि तुझ्या भाषणाचा विषय शेजारी शेजारी आहेत. हे तू त्या माईकवरून सांगितलं असतंस, तर मी उभी राहून टाळी वाजवली असती.

आणि लगेच डोळे चमकवू नकोस. पुढच्या वर्षी कोणीतरी उठून सांगेल की तेरहून रोमला साखर जायची. असं त्या वहीत नाही. तगरहून जायचं ते कापड, जाडंभरडंही आणि तलमही. साखर कोणत्या गावची हे लिहिलेलं नाही. जेवढं लिहिलंय तेवढंच बोलायचं. गोरोबाकाकांची गोष्ट तुला पाठ आहे. संतांची मांदियाळी जमली होती, काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून मडकं पक्कं की कच्चं पाहिलं. नामदेवांसारखा माणूस, ज्याच्याशी विठ्ठल बोलायचा, तो रागावला आणि कच्चा ठरला. रागावला, पण विसोबा खेचरांकडे शिकायला गेला. तू दोन दिवस तासाला दांडी मारलीस.

तर मग युरोपात शब्द गेला तो मराठीतून का? नाही. मराठीचे हाती लागलेले सर्वांत जुने शिलालेख हजारेक वर्षांपूर्वीचे. ग्रीकांच्या कानावर साक्खारी पडली ती त्याच्या हजार वर्षं आधी, पालीच्या सक्खरासारख्या कुठल्या तरी रूपातून. त्या वेळच्या ग्रीक वैद्याने, डायोस्कॉरिडिसने, लिहून ठेवलंय की हिंदुस्थानात बोरूत एक घट्ट झालेला मध मिळतो, तो मिठासारखा दिसतो आणि मिठासारखाच दातांखाली कुरकुरतो. बघ, त्यालाही खडाच जाणवला. रोमच्या प्लिनीने लिहिलंय की ही साखर फक्त औषधाला वापरतात. म्हणजे युरोपात हा शब्द पहिल्यांदा पोचला तो वैद्याच्या पुडीतून, हलवायाच्या दुकानातून नाही.

दुसऱ्यांदा तो गेला फार नंतर आणि निराळ्या वाटेने. आपली शर्करा इराणात शकर झाली. अरबांनी तिची सुक्कर केली. अरब ऊस घेऊन सिसिलीत आणि स्पेनमध्ये गेले, तिथे त्यांनी मळे लावले. आणि इथे एक खूण राहिली आहे, ती बघ. अरबीत नामाआधी अल् लावतात, स पुढे आला की त्याचा अस् होतो. अस्-सुक्कर. स्पॅनिश आणि पोर्तुगीज शेतकऱ्याने अरब शेजाऱ्याच्या तोंडून तो शब्द अल्-सकट उचलला, म्हणून स्पॅनिशमध्ये आसूकार, पोर्तुगीजमध्ये असूकार. इटलीला तो अल्शिवाय मिळाला, तिथे झुक्केरो. इटलीकडून जर्मनीत गेला, तिथे त्सुकर. फ्रेंचमध्ये सुक्र, त्यावरून इंग्रजीत शुगर. डचांत सौकर, स्वीडिशमध्ये सोकर, वेल्श लोकांत सिउगर. साखर कोणत्या बाजारातून कोणत्या बाजारात गेली, ते या शब्दांच्या तोंडाकडे बघून सांगता येतं. एका 'आ'वरून कळतं की या माणसाने अरबाच्या शेजारी बसून ऊस लावला होता.

रशियनमध्ये साखर म्हणतात, हे खरं. साखार असा उच्चार होतो. पण तो त्यांना ग्रीकांकडून मिळाला, आपल्या कोणा मराठी माणसाकडून नाही. आपली साखर प्राकृतातून आली, त्यांची ग्रीकातून. दोघींची आजी एक, आया वेगळ्या. तोंडावळा इतका जुळतो म्हणून तू त्यांना मायलेकी केलंस. सर्वांत जास्त जुळणाऱ्या ठिकाणीच सर्वांत जास्त शंका घ्यायची असते, हे मी तुला व्याकरण शिकवताना दहादा सांगितलं आहे.

हा शब्द उसना गेलेला आहे, भावकीतला नाही, हे कशावरून ओळखायचं? फिनिश लोकांची भाषा संस्कृतच्या कुळातली नाही. हंगेरीची नाही. बास्क लोकांची तर कोणत्याच कुळात बसत नाही. तरी फिनिशमध्ये सोकेरी आहे, हंगेरीत त्सुकोर, बास्कमध्ये असुक्रे. रक्ताचं नातं नसलेल्या घरातही एकच वस्तू दिसली, तर ती बाजारातून आली असं समजायचं.

भावकीतला शब्द बघायचा असेल तर मध बघ. संस्कृतात मधु. लिथुआनियात मधाला मेदुस म्हणतात, रशियात म्योद. इंग्रजीत मीड म्हणजे मधाची दारू, जर्मनमध्ये मेट. ग्रीकात मेथू म्हणजे मद्य. हे कोणी कोणाकडून घेतलेलं नाही. हजारो वर्षांपूर्वी एका चुलीवर जेवणारी माणसं पांगली आणि प्रत्येकाने मध आपापल्या गाठोड्यात नेला. आणि लॅटिन मेल, ग्रीक मेली हे मधाचेच आणखी शब्द. मग "ज्यांच्या जिभेला गोड ठाऊक नव्हतं" हे कोणाबद्दल बोललास? त्या लोकांकडे साखर नव्हती, मध होता. ज्याच्या पोळ्यात मध आहे त्याला गोड ठाऊक नाही असं म्हणणं हा अपमान आहे. परक्याचा अपमान केला की आपण मोठे होतो, हे तुला कोणी शिकवलं? मी तर नाही.

आणि चोरी कसली? भडोच, इराण, बसरा, सिसिली, व्हेनिस. माल गेला, पैसे आले, मालाबरोबर नाव गेलं. व्यापाराला चोरी म्हणायला लागलास तर आपल्या तेरच्या व्यापाऱ्यांना काय म्हणणार? आणि पुढच्या काळाचंही ऐक. पोर्तुगिजांनी मदेरा बेटावर ऊस लावला, १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कोलंबसने तो अमेरिकेत नेला, आणि त्या उसासाठी आफ्रिकेतली लाखो माणसं साखळदंडाने बांधून समुद्रापार नेऊन राबवली. तो गोड शब्द त्यांच्या पाठीवर चढून पुढे गेला. हेही त्याच शब्दाच्या चरित्रात लिहिलेलं आहे. आपल्याकडच्या कोपीवर ऊसतोड करणारी बाई पहाटे तीनला उठते, तिचं पोर उसाच्या पाचटात झोपतं, हे तू रोज बघतोस. या शब्दाचा अभिमान धरायचा तर हे सगळं पत्करून धरायचा.

उरलेल्या दोन शब्दांना फार वेळ देत नाही. सिरप म्हणजे शिरा नव्हे. अरबीत शराब म्हणजे पेय, त्याचं लॅटिनात सिरोपुस झालं आणि तिथून सगळीकडे गेलं. आपलं शरबत आणि शराब हे त्याचे खरे नातलग. शिरा आपल्याकडे फारसीतून आला, तिथे शीरा म्हणजे गोड रस, पाक. आणि कँडी खडीवरून नाही, खंडवरून. खंड म्हणजे तुकडा, खांडसरीतला खांड. इराणात त्याचं कंद झालं, फ्रेंचमध्ये सुक्र कांदी म्हणजे खडीसाखर, इंग्रजीत नुसती कँडी राहिली. इथे तू जवळपास पोचला होतास. एक पाऊल आणखी टाकलं असतंस तर गुलकंद सापडला असता. गुल म्हणजे गुलाब, कंद म्हणजे आपलीच खंड. पोरगी सासरी गेली आणि गुलाब माळून माहेरी आली. तुझी आई उन्हाळ्यात गुलकंदाची बरणी गच्चीवर उन्हात ठेवते, तिच्या झाकणाखाली ही सगळी वाट आहे.

आणि आता ते, जे तू सोडलंस. धाराशिवच्या दुकानात हल्ली गुळाची पाकिटं मिळतात, त्यांवर 'जॅगरी' लिहिलेलं असतं. तू भाषणात म्हणालास की जॅगरी हा इंग्रजांचा शब्द फेकून द्या, गूळ म्हणा. गूळ म्हणावं, त्यात वाद नाही. पण जॅगरी इंग्रजांचा नाही रे. कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावर शक्करे, चक्करा असं म्हणतात, ती आपलीच शर्करा. पोर्तुगीज तिथे उतरले, त्यांनी ऐकलं तसं जागरा म्हटलं, इंग्रजांनी त्यांच्याकडून जॅगरी उचललं. युरोपात शुगर, किनाऱ्यावर जॅगरी, दोन्ही एकाच आईच्या. जे शब्द आपले नव्हते त्यांना मांडीवर घेतलंस आणि जो आपला होता त्याला परका म्हणून हाकलून दिलंस. न बघता बोलणाऱ्याचं असं होतं.

मला माहीत आहे तू मनात काय म्हणतोस. बाईंना मराठीचा अभिमान नाही. एकतीस वर्षं मी या खेड्यात मराठी शिकवते आहे, खडू खाऊन माझा आवाज बसला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या संध्याकाळी मी घरात पुरण घातलं होतं. पण तो दर्जा कसा मिळाला ठाऊक आहे? रंगनाथ पठारे यांच्या समितीने शिलालेख, ग्रंथ, महाराष्ट्री प्राकृताचे दाखले गोळा करून २०१३ मध्ये अहवाल दिला. त्यानंतरही अकरा वर्षं वाट पाहावी लागली. त्या अहवालात कोणी सिरप म्हणजे शिरा असं लिहिलं असतं, तर दिल्लीतल्या पहिल्याच पंडिताने तो बाजूला ठेवला असता आणि त्याबरोबर खरे दाखलेही गेले असते. तुझ्या भाषणाचं हेच मला सर्वांत जास्त लागलं. उद्या धाराशिवचा कोणी हुशार मुलगा बाहेर जाऊन सांगेल की शुगर आणि जॅगरी दोन्ही आपल्या शर्करेचे, तेव्हा ऐकणारा म्हणेल, "हो, माहीत आहे, तुम्ही मराठी लोक सिरपलाही शिरा म्हणता." त्याच्या खऱ्याला तुझं खोटं आडवं येईल.

एक चूक माझीही आहे. मी त्याच वेळी उठून बोलायला हवं होतं. तुझे वडील डोळे पुसत होते, माझी हिंमत झाली नाही. म्हणून आज बोलते आहे, आणि मवाळ बोलणार नाही.

आता काय करायचं ते सांगते. ती पाचशेची नोट खर्च केली नाहीस ना? तिची मोठी रजिस्टर वही आण, उरलेले पैसे ग्रंथालयाच्या पेटीत टाक. वहीत चार रकाने आख. शब्द, मूळ, वाट, आणि चौथा रकाना सर्वांत रुंद ठेव: कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानावर. चौथा रकाना रिकामा असेल तर पहिले तीन खोडायचे. पहिला शब्द मी देते, काहील. आजोबांना विचार, मग कपाट उघड. किल्ली माझ्या टेबलाच्या खणात आहे, शिपायाला विचारायची गरज नाही.

शनिवारी परिपाठाला तू माईकवर उभा राहणार आहेस. मळी, शिरा आणि खडी या तीन शब्दांबद्दल मी चुकीचं बोललो, हे स्पष्ट सांगायचं. मग शर्करा, तेर आणि पेरिप्लस सांगायचं, पाच मिनिटांत. वडिलांना बोलाव. टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे मी मुलांना आधीच सांगणार आहे.

आता जा. आणि दार उघडंच ठेव. तुझे मित्र मघापासून बाहेर कान लावून उभे आहेत. सहामाहीच्या पेपरात त्यांनी पगार आणि चावी हे इंग्रजी शब्द म्हणून लिहिले होते. त्यांना आत पाठव.